आमदारकीच्या उमेदवाराला काय विचारावे?
(बंगळूर येथील कामगार सभेतील भाषण)



विधानसभेचा उमेदवार क्वार्टर्समध्ये येतो आणि सांगतो, मते द्या, जुनी पेन्शन आणतो. आपण रेल्वे-टपालवाले. आपली खाती घटनेच्या केंद्र सूचीत. १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन दिल्लीने काढली; ती विधानसौधातून परत मिळणार नाही. तो लढा दिल्लीशीच.

मग आमदाराशी आपले काम नाही काय? आहे! कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच विधानसभेने कारखाने कायद्यात दुरुस्ती केली. आठवड्याचे ४८ तास कायम ठेवून दिवसाचे काम १२ तासांपर्यंत नेण्याची मुभा दिली. ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा ७५ वरून १४४ तासांवर नेली. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या. खाजगी कारखान्यांसाठी त्यांचे नियम राज्य सरकारच्याच हाती. आणि पीण्याच्या कारखान्यांत राबतात कोण? आपलीच मुले.

म्हणून आम्ही उमेदवाराला एवढेच विचारू: बारा तासांच्या बाजूने हात वर करणार की विरोधात? उत्तर चहाच्या कपावर नको, भर सभेत हवे.

कामगार एकजुटीचा विजय असो!