एक खेप उसनी



आज मी तुमच्याशी खुडूक कोंबडीबद्दल बोलणार आहे. खुडूक म्हणजे काय, हे आमच्या कडेगावात कुणाला सांगावं लागत नाही. पंधरा-वीस अंडी घालून झाली, की कोंबडी एक दिवस डालग्याच्या कोपऱ्यात ठाण मांडते. पिसं फुगवते, जवळ हात नेला की टोचते, दाण्याकडेही ढुंकून पाहत नाही. पोटाखाली अंडं असो वा नसो, तिला बसायचंच असतं. अंडी विकून मीठ-मिरची आणणाऱ्या बाईला तिचा राग येतो, कारण खुडूक झाली की अंडी बंद. मग कुणी तिला पाण्यात बुचकळतं, कुणी उन्हात बांधून ठेवतं. पण ज्याला पिलं हवी असतात, त्याच्या लेखी तीच कोंबडी सोन्याची.

आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. माझ्या खालाचा मुलगा त्याहूनही लांब, आखातात गेला. तिथं बहिरी ससाणे पाळणाऱ्या एका धन्याकडे त्याला काम मिळालं. काम ससाण्यांचं नव्हे, ससाण्यांच्या खाण्याचं. म्हणजे लावे वाढवायचे. आपल्याकडे त्यांना बटेरही म्हणतात. नुसतं खाटकाकडचं मांस दिलं, तर शिकारी पक्ष्याचं भागत नाही. त्याला हाडांसकट, पिसांसकट अख्खं सावज लागतं. हाडांतून चुना मिळतो, तो नसेल तर वाढत्या पिलाचे पाय वाकतात. पिसांची न पचलेली गोळी तो पुढं तोंडावाटे बाहेर टाकतो आणि त्यानं त्याचं पोट साफ राहतं. लावा आकारानं बेताचा, एका जेवणाचा. म्हणून त्याला मागणी.

हा लावा रानातला नव्हे, जपानी. 1974 साली तो आपल्या देशातही आणला गेला. सहा-सात आठवड्यांत तो अंड्यावर येतो आणि वर्षाला अडीचशेच्या आसपास अंडी देतो. पण पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात राहून त्याची मादी एक गोष्ट विसरली आहे. ती अंड्यांवर बसत नाही. तिची अंडी यंत्रानं उबवावी लागतात, नाहीतर दुसऱ्या कुणीतरी.

एकदा धन्याचं यंत्र बिघडलं. अंडी शेकड्यानं पडलेली. तेव्हा माझ्या या भावाला आईचं अंगण आठवलं. त्यानं बाजारातून देशी वळणाच्या लहान कोंबड्या आणल्या आणि त्यांतल्या खुडूक होतील तशा बसवायला सुरुवात केली. कोंबडी लहानच हवी, कारण लाव्याचं अंडं जेमतेम दहा ग्रॅमचं, कवच पातळ. जड कोंबडी ते पायाखाली फोडते. आधी दोन-तीन दिवस खोट्या अंड्यांवर बसवून तिचं मन पक्कं झालं की नाही ते पाहायचं. पिसवा होऊ नयेत म्हणून राख चोळायची. मग रात्री अंधारात हळूच अदलाबदल करायची. स्वतःची दहा-बारा अंडी घेणारी कोंबडी लाव्याची वीस सहज झाकते. कोंबडीच्या अंड्याला एकवीस दिवस लागतात, लाव्याच्या अंड्याला सतरा-अठरा. चार दिवस आधीच पिलं बाहेर येतात, तरी ती तक्रार करत नाही. पिलू अंगठ्याएवढं. बशीभर पाण्यातही बुडतं, म्हणून बशीत खडे टाकायचे. जाळीच्या बोटभर फटीतून निसटतं, म्हणून जाळी बारीक घ्यायची. काही कोंबड्या या परक्या पिलांना टोचतात, तेव्हा पहिला दिवस नजर ठेवावी लागते. पण एकदा का तिनं पंखाखाली घेतलं, की मग घार वरून गेली तरी ती अंगावर धावून जाते.

ज्यांना ती घारीपासून वाचवत होती, ते ससाण्यासाठीच वाढत होते.

नोकरी सोडून तो गावी आला तेव्हा त्यानं हे सगळं खालाला सांगितलं. इथंही लाव्याचा धंदा करायचा त्याचा बेत होता, अर्थात हॉटेलांसाठी. कारण आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकरा किंवा ससाणा पाळता येत नाही आणि रानातला लावाही धरता येत नाही. खालानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘पिलं नेल्यावर कोंबडी काय करायची रे?’’

तो म्हणाला, ‘‘दोन दिवस हाका मारत फिरायची, अम्मी. मग विसरायची.’’

‘‘विसरली हे तुला तिनं सांगितलं?’’

तो गप्प बसला. खाला मांस न खाणारी बाई नव्हे. बकरी ईदला महिनाभर हातानं चारा घातलेलं बकरू कापलं जाताना ती तोंड फिरवत नाही. तिचं म्हणणं इतकंच, की खायचं तर ज्याचं खातो त्याचा हिशेब ठेवावा. तिनं मुलाला आपल्या कोंबड्या दिल्या, पण एक अट घातली. एक खेप उसनी, दुसरी खेप तिची. म्हणजे एकदा कोंबडीखाली लाव्याची अंडी ठेवली, तर पुढच्या वेळी ती खुडूक झाल्यावर तिचीच अंडी ठेवायची आणि ती पिलं तिच्या मागं मोठी होऊ द्यायची. शिवाय बसलेल्या कोंबडीला रोज उठवून दाणा-पाणी द्यायचं, कारण ती स्वतःहून दिवसातून एखाद्या वेळीच उठते आणि हाडं वर येईपर्यंत वाळते.

मी या गोष्टीवर बराच विचार केला. शिकारी पक्ष्यांचा केवढा थाट आपल्या इतिहासात! कुमाऊंचा राजा रुद्रदेव याच्या नावावर ‘श्यैनिकशास्त्र’ नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. ‘आईन-ए-अकबरी’त कोणत्या पक्ष्याला रोज किती मांस, याचीही नोंद आहे. शिवछत्रपतींच्या अठरा कारखान्यांत शिकारखाना होता. बाज, बहिरी, शिकरा ही नावं फारसी दरबारातून आपल्या भाषेत आली आणि राहिली. 2010 साली युनेस्कोनं ससाण्यांच्या शिकारीला मानवजातीच्या वारशाच्या यादीत जागा दिली. हे सगळं योग्यच असेल. पण त्या पक्ष्याच्या चोचीपर्यंत घास पोचवणाऱ्यांत एक खुडूक कोंबडीही होती, तिचं नाव मला कुठल्या ग्रंथात सापडलेलं नाही. तिचा शब्द दरबारात गेला नाही, तो परड्यातच राहिला.

कोंबडीची माया खोटी नसते. ती कशासाठी वापरली जाते, हे तिला ठाऊक नसतं, आपल्याला असतं. म्हणूनच जबाबदारी तिची नाही, आपली आहे. आपल्या घरांतही अशी माणसं असतातच. कुणाची तरी मुलं सांभाळणारी, कुणाच्या तरी आजाऱ्याची उशी बदलणारी. आपण त्यांना पगार देतो आणि हिशेब पुरा झाला असं समजतो. दुसरी खेप त्यांची असते, हे मात्र आपल्या ध्यानात राहत नाही.

आमच्याकडे टेंभूचं पाणी आलं, माळावर ऊस उभा राहिला. ज्वारीच्या रानात पहाटे ऐकू येणारा रानलाव्याचा आवाज मला आता क्वचितच ऐकू येतो. पिंजऱ्यातले लावे मात्र वाढताहेत, आणि पिलं आता बहुतेक यंत्रातूनच निघतात. यंत्राला उसनवारी ठाऊक नाही. ती ठाऊक असलेली खालाची पिढी अजून आहे, तोवर तिच्याकडून एवढा एक हिशेब तरी आपण शिकून घ्यावा, असं मला वाटतं.