हलकी हवी, जुनी नको

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय, निदान ४ जीबी रॅम आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे ढाणकीसारख्या गावातल्या एखाद्या शाळेत, कृषी केंद्रात किंवा घरी असलेला आठ-दहा वर्षांचा कॉम्प्युटर धडधाकट असूनही अपात्र ठरतो. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात : नवा घ्या, नाहीतर परत विंडोज ७ टाका. पहिला सल्ला खर्चाचा आहे, दुसरा धोक्याचा. माझं सांगणं असं, की यंत्र जुनं असलं तरी त्यातली प्रणाली आजचीच हवी, फक्त ती हलकी असावी.

विंडोज ७ जुन्या यंत्रावर भराभर चालतं, हे खरं. पण त्याचे अपडेट सर्वसामान्यांसाठी जानेवारी २०२० मध्येच संपले आणि २०२३ पासून गूगल क्रोमच्या नव्या आवृत्त्याही त्यावर चालत नाहीत. सातबारा, पीकविमा, बँकेचं खातं ही सगळी कामं आपण ब्राउझरमध्येच करतो. म्हणजे ज्या यंत्राची राखण कुणी करत नाही, त्याच्यावरच पैशाचे व्यवहार सोपवतो. विंडोजऐवजी बसवता येणाऱ्या लिनक्स या मुक्त प्रणालीत हलकेपणासाठी ही किंमत मोजावी लागत नाही. तिथं प्रणालीचा गाभा ताजाच राहतो आणि त्यावरचा डेस्कटॉप तेवढा साधा निवडता येतो. एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी हे असेच कमी रॅममध्ये भागवणारे डेस्कटॉप आहेत.

निवड मात्र रॅम पाहून करावी. ४ जीबी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. विंडोजची सवय असलेल्याला ती लवकर ओळखीची होते. २ जीबी असेल तर एलएक्सक्यूटीवरची लुबंटू ही लिनक्स प्रणाली बरी. २००६ पासून आलेले कोअर टू ड्युओ प्रोसेसर ६४-बिट आहेत, त्यामुळे त्यांनाही मोडीत काढायची घाई नको. यंत्र ३२-बिटच असेल, तर ते टायपिंगपुरतं ठेवा. डेबियनसारख्या जुन्याजाणत्या लिनक्स प्रकल्पानंही ऑगस्ट २०२५ मधल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं आहे. आणि एक लक्षात ठेवा, प्रणाली हलकी केली म्हणून वेबसाइट हलक्या होत नाहीत. चार-पाच टॅब उघडले की २ जीबी रॅम अपुरी पडू लागते. म्हणून जमेल तर रॅम वाढवा आणि फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. नव्या कॉम्प्युटरच्या मानानं हा खर्च थोडा आहे.

यावर कुणी म्हणेल, हिशेबाच्या टॅलीचं काय? टॅली विंडोजसाठीच बनलेली आहे. डिजिटल सहीचं टोकन आणि अंगठ्याचं यंत्र यांची सॉफ्टवेअरंही बहुधा विंडोज धरूनच केलेली असतात. ज्यांचा रोजचा धंदाच यावर चालतो, त्यांनी मुख्य यंत्र विंडोजचंच ठेवावं. विद्यार्थी, शिक्षक, वाचनालय यांना ही अडचण नाही. मराठीचीही चिंता नको : युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये आहेत, सेटिंगमध्ये फक्त जोडावे लागतात. मुलांना अवघड जाईल, ही शंकाही टिकत नाही; केरळच्या सरकारी शाळांत मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच संगणक शिकत आहेत. राहिला प्रश्न लिनक्सच्या मोठ्या फाइलच्या डाउनलोडचा. ते एकदाच करावं लागतं. एकाच पेन ड्राइव्हवरून गावातल्या कितीही कॉम्प्युटरांवर लिनक्स टाकता येतं, आणि ते पूर्णपणे कायदेशीर असतं. चोरीच्या विंडोजबद्दल असं म्हणता येणार नाही.

तेव्हा घाईनं फॉरमॅट मारू नका. आधी पेन ड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टायपिंग तपासा. सगळं जमलं, की फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवा आणि मगच प्रणाली कायमची बसवा. बसवल्यावर अपडेट मात्र चुकवू नका, कारण जुन्या यंत्राचं आयुष्य वाढवायचं असेल तर त्यातली प्रणाली ताजी राहिलीच पाहिजे.