आपले खारे पाणी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला चारचौघींत बोलण्याची सवय नाही, शिक्षणही सातवीपर्यंतचेच. पण लोणारच्या बाईने आपल्या सरोवरावर बोलता येत नाही म्हणायचे तरी कसे?

लोणासुराची कथा आपणां सर्वांना पाठ आहे. विष्णूंनी दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याला मारले; त्याची लपण्याची जागा त्याच्याच बहिणींनी दाखविली. (भावांनी हे ध्यानात ठेवावे!) शास्त्रज्ञ सांगतात, ही उल्का काळ्या कातळावर आदळली. खळगा सुमारे १.८ किलोमीटर रुंद. त्याचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानीत. पुढच्या तपासणीत ते सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले.

अशा खळग्याच्या काठावर आपले गाव वसले, ते पाण्यामुळे. वर धारेचे गोड पाणी, खाली तळ्याचे खारे. कमळजादेवीजवळची सासूसुनेची विहीर तर एका बाजूने गोड व दुसऱ्या बाजूने खारी म्हणतात. खारी बाजू कोणाची, ते ज्या त्या घरी ठरवावे.

या खाऱ्या पाण्यावर पूर्वी लोकांची पोटे भरत. तळ्यातला क्षार काच व साबण करण्यास लागतो, अशी नोंद अकबराच्या काळच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे स्थळ पाहून लिहिले, तेव्हा बाहेरच्या जगाला त्याची ओळख झाली.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा आपणही घाबरलो होतो. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितले, की खार वाढल्यामुळे त्यात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर स्थळाचा मान मिळाला.

म्हणजे हा खारच तळ्याचा जीव. पूर्वी तळ्यातून साबणाचा माल वर येई. आता आमचाच साबण खाली जातो. गावाचे सांडपाणी कित्येक वर्षे उताराने तिकडेच वाहत आले. धारेवर साबण लावून धुणे धुतले, की तेही तिथेच. मीही धुतले आहे, खोटे कशाला बोलू?

नवरात्रात कमळजेची ओटी भरायला आपण खाली उतरतो. नारळ-खण देवीचा, प्लास्टिकची पिशवी मात्र झुडपात अडकून राहते. जुन्या लुगड्यांच्या बारा पिशव्या मी शिवून आणल्या आहेत. त्या दाराशी ठेवल्या आहेत. ज्यांना हव्या त्यांनी जाताना न्याव्यात. कमी पडल्या तर कापड घेऊन घरी यावे, मशीन माझे आहे.