मुलांस अन्याय ओळखावयास शिकवा
(जयगड येथील बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आपण धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. मुले हे सारे पाहत होती. उद्या तीच मुले शाळेतून येऊन विचारतील, "आपण बौद्ध झालो, तरी वर्गातला मुलगा मला जुन्या जातीच्या नावाने का चिडवितो?" "तू लक्ष देऊ नकोस," असे उत्तर पुष्कळ घरांतून दिले जाते. ते प्रेमापोटी दिले जाते, हे मी जाणतो. परंतु त्यातून मूल एवढेच शिकते की, अपमान ही घरी न सांगण्याची गोष्ट आहे.

मुलांना आपल्याच मुलखाचा इतिहास सांगा. जयगडहून खाडीपार तवसाळला उतरावे, गुहागर तालुका मागे टाकून दाभोळची खाडी ओलांडावी, की दापोली तालुका लागतो. त्या दापोलीत १८९२ च्या सुमारास महार पेन्शनर सैनिकांनी आपल्या मुलांना शाळेत घ्यावे म्हणून सरकारदरबारी अर्ज केले. पुढे मुलांना प्रवेश मिळाला, पण बसावयास मिळाली ती पडवी! बाबासाहेबांचे बालपणही काही काळ दापोलीत गेले. नंतर साताऱ्याच्या शाळेत त्यांना स्वतःचे गोणपाट नेऊन वेगळे बसावे लागे आणि शिपायाने वरून ओतल्यावाचून पाणी मिळत नसे.

एवढे सांगून थांबू नका. मूल केवळ कष्टी होईल. तेव्हा त्या मुलांच्या बाजूने जो कायदा नव्हता, तो आज आहे, हे त्याच बैठकीत सांगा. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. त्याच्या ५ व्या कलमान्वये अस्पृश्यतेच्या कारणावरून शाळेत प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहेच, आणि प्रवेश दिल्यानंतर आत भेदभाव करणे हाही गुन्हा आहे. दापोलीची पडवी आज या कलमात सापडली असती. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला मारणे व त्याचा मानसिक छळ करणे या दोहोंस मनाई केली आहे.

"बौद्ध झाल्याने कायद्याचे छत्र गेले काय?" अशी शंका अनेक जण विचारतात. शंका निराधार नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर केंद्र सरकारने आपल्या लोकांच्या सवलती नाकारल्या होत्या. १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचा त्या सूचीत समावेश झाला. म्हणून १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही आपल्या मुलांना लागू आहे. त्यासाठी जातीचा दाखला काढून ठेवा. त्यावर जुनी जात पाहून मूल खट्टू होईल. तेव्हा त्याला सांगा की, आपल्या पूर्वजांशी समाज कसा वागला त्याची ही सरकारी नोंद आहे.

मात्र प्रत्येक भांडण जातीचे नसते, हेही शिकविले पाहिजे. गुण कमी पडले किंवा मित्र रुसला, म्हणजे जातिभेद झाला असे नव्हे. वर्गमित्राच्या चिडविण्यासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढू नये. मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. मोठ्या माणसाने चारचौघांत मुद्दाम जातिवाचक शिवी दिली, तर गोष्ट निराळी.

मूल सांगू लागले की मध्ये बोलू नका. कोण, कोठे, केव्हा, नेमके शब्द कोणते, आणि ऐकले कोणी, हे त्याच रात्री तारखेसह वहीत उतरवा. वडिलांना लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहवून घ्या. अशा कामात मुली अधिक नेमक्या असतात, असा माझा अनुभव आहे. ठाण्यात जावेच लागले, तर गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची आवश्यकता नाही, असे २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेणे, सहीपूर्वी वाचून दाखविणे आणि तिची प्रत तत्काळ देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. ती प्रत हातात घेतल्यावाचून घरी परतू नका. जय भीम.