द्राक्षाचे पान आणि खाणाऱ्याची सुरक्षा



आपण अळूचे पान खातो, तसे तुर्कस्तानात द्राक्षाचे. कोवळ्या पानात भात गुंडाळतात, त्याला ‘सार्मा’ म्हणतात. त्या शब्दाचा धातूही ‘गुंडाळणे’ याच अर्थाचा. भाषेच्या अध्यापकाचा एवढा मोह क्षम्य मानावा. तोकात प्रांतातील ‘नारिंजे’ वाणाची पाने मिठाच्या पाण्यात मुरवून परदेशी जातात.

अडचण अशी की, फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जावेत, हे घडाच्या हिशेबाने ठरते. घड उन्हाळा सरताना उतरतात. पान मात्र मे-जूनमध्ये, भुरी-केवड्यावरील फवारण्या ऐन भरात असताना खुडले जाते. शिवाय वजनाच्या मानाने पानाचा पृष्ठभाग फार मोठा. आंतरप्रवाही औषध तर धुऊनही जात नाही.

युरोपीय संघाच्या २००५ च्या नियमांत, ज्या औषधाची निराळी मर्यादा नाही तेथे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा आहे. तुर्की पानांची सीमेवर वाढीव तपासणी होत आली, ती यापायी. पण ती परदेशी ग्राहकासाठी. गावच्या बाजारात सुटी पाने घेणाऱ्या गृहिणीचे काय? पानासाठी वेली वेगळ्या राखणे हाच मला सरळ उपाय दिसतो. त्या वेलींचे घड मग रोगाला सोडावे लागतील, आणि तो तोटा पानाच्या भावातूनच भरून निघाला पाहिजे.