बांबूचे बी, उंदीर आणि घुबड



कामगार संघटनेच्या माणसाने बोनसवर आणि महागाईवर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज आम्ही घुबडावर बोलणार आहोत. पण काळजी नको, शेवटी आम्ही धान्यावरच येऊ.

गेल्या पावसाळ्यात वाकोल्यातील आमच्या चाळीच्या पोटमाळ्यावर एक गव्हाणी घुबड येऊन बसले. "घुबड बसले, आता घरातले कोणी तरी जाणार," म्हणून पोरांनी दगड उचलले आणि वडीलधारी माणसे मुकाट्याने पाहत राहिली. गंमत अशी की, रेशनच्या पोत्यांना उंदीर भोके पाडतात, असा आमचा अर्ज त्याच आठवड्यात महापालिकेकडे गेला होता. उंदीर खाणारा दारात आला, तर आम्ही त्याला दगड मारले!

शिकारी पक्ष्याचा संसार भक्ष्यावर चालतो आणि भक्ष्याचा संसार बियांवर. युरोपच्या उत्तरेकडील सूचिपर्णी अरण्यांत स्प्रूसची झाडे काही वर्षे जेमतेम बी धरतात आणि मग एखाद्या वर्षी सारी मिळून फांद्या वाकेपर्यंत शंकू धरतात. सगळे बी खाऊन संपवणे मग कोणालाच जमत नाही आणि उरलेले रुजते. पण त्या सुगीवर खारी आणि रानउंदीर वाढतात आणि त्यांच्या मागून घुबडांच्या घरट्यांत पिल्ले वाढतात. पुढे बी आटले की उंदीर घटतात आणि घुबडांवरही उपासाची पाळी येते.

बांबूचा हिशेब याहून लांब पल्ल्याचा आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा बांबूही आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. मिझोरामातील मौताक बांबू सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी डोंगरच्या डोंगर एकदम फुलतो. फळांवर उंदीर माजतात. उंदरीण जेमतेम तीन आठवड्यांत विते. घुबडाची वीण त्या वेगाने कशी वाढणार? फळे संपली की भुकेले उंदीर शेतात उतरतात. या दुष्काळाला तिकडे 'मौताम' म्हणतात, म्हणजे बांबूचे मरण.

मिझोरामातील वृद्धांनी १९११-१२ चा मौताम पाहिला होता. म्हणून १९५८ साली तेथील जिल्हा परिषदेने आसाम सरकारकडे आगाऊ १५ लाख रुपये मागितले. तो भाग तेव्हा आसामातला जिल्हा होता. बांबू फुलला की दुष्काळ येतो, ही सरकारला अडाण्यांची अंधश्रद्धा वाटली आणि पैसे मिळाले नाहीत. १९५९ साली दुष्काळ आला. त्यातून निघालेल्या दुष्काळ निवारण संघटनेचे १९६१ साली राजकीय पक्षात रूपांतर झाले. १९६६ साली बंड पेटले आणि तह व्हायला १९८६ उजाडले. पुढे २००६ ते २००८ या काळात बांबू पुन्हा फुलला. वृद्धांचा हिशेब चुकला नव्हता.

मंडळी, आता आमचा प्रश्न ऐका. डोंगरातल्या म्हाताऱ्याचा अनुभव सरकारला अंधश्रद्धा वाटला आणि आपली घुबडाची भीती मात्र आपल्याला शहाणपण वाटते. यातली खरी अंधश्रद्धा कोणती? कारखान्यातही आम्ही हेच पाहिले. यंत्राचा आवाज बदलला, हे आधी कामगाराला कळते; पण त्याचे ऐकले जाते ते अपघात झाल्यावर.

घुबड आले म्हणजे उंदीर संपले, असे आम्ही म्हणत नाही. मौतामने ते शिकवलेच आहे. आपल्याकडे बांबूचे बी नाही, पण रोज रस्त्यावर पडणारे उष्टे-खरकटे ही बारमाही सुगी आहे. ती बंद केल्याशिवाय रात्री काठी घेऊन फिरणारे महापालिकेचे मूषकसंहारकही पुरे पडणार नाहीत. तेव्हा खरकटे झाका. उंदराला विष घालताना दहा वेळा विचार करा. विषारी उंदीर घुबडाच्या पोटात गेला, तर घुबडही मरते. आणि पोरांच्या हातातला दगड खाली ठेवायला लावा.

आमच्या चाळीत ते काम थोडे उशिरा झाले. घुबड उडून गेले, ते अजून परतलेले नाही. उंदीर मात्र आहेत.