परमुलखातला विद्यार्थी आणि तंजावूरची छत्रे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत तंजावूर येथे दिलेले भाषण)



तंजावूरला मराठी माणसासमोर बोलावयास उभे राहिले की वक्त्याने बृहदीश्वराच्या देवळातील १८०३ सालच्या मराठी शिलालेखापासून आरंभ करावा, सरस्वती महालातील पोथ्यांवरून मोडीच्या रुमालांकडे यावे आणि पूर्वजांच्या थोरवीत पाऊण तास सुखाने घालवावा, असा एक प्रघात आहे. तो मोडण्याची परवानगी मी प्रथमच मागून घेतो. ज्यांच्या मुलामुलींना यंदा या परिसरात प्रवेश मिळाला आहे असे पालक समोर बसलेले मला दिसत आहेत. कोणी तिरुच्चीच्या वाटेवरील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे १९६४ सालच्या जुन्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजात मुलाला घातले आहे. कोणी १९८४ साली निघालेल्या ‘शास्त्र’ विद्यापीठात. कोणी वैद्यकीय महाविद्यालयात. त्यांच्या मनात शिलालेख नाही. मुलगा येथे टिकेल की नाही, ही काळजी आहे. मला दिलेला विषयही विद्यापीठीय शिक्षणातील अडचणींचाच आहे. तेव्हा पूर्वजांना आपण बोलावू, पण साक्षीदार म्हणून.

पहिली अडचण पोटाची व मुक्कामाची. विद्वानांच्या परिसंवादात तिचा उच्चार होत नाही, कारण ती क्षुल्लक वाटते. नागपूर-सोलापूरकडून आलेल्या मुलाला सकाळी पोंगल, दुपारी सांबार-भात व रसम, रात्री पुन्हा भात असा क्रम सुरू झाला की पहिला आठवडा गमतीत जातो, दुसरा कुरकुरीत जातो आणि तिसऱ्या आठवड्यात मुलगा खानावळीत जाणेच टाळू लागतो. खोलीत बिस्किटाचे पुडे येतात. झोप बिघडते, सकाळचा तास चुकतो, आणि चुकलेला एक तास पुढच्या तीन तासांना अनाकलनीय करून सोडतो. घरी मात्र कळते ते एवढेच, की चिरंजीवांचे गणितात लक्ष नाही.

ही गोष्ट आपल्या येथील राजाला दोन शतकांपूर्वी ठाऊक होती. तंजावूरच्या भोसल्यांनी रामेश्वराच्या यात्रामार्गावर छत्रे बांधली, आणि त्यांतील कित्येकांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे दिली. नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र आणि ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. छत्र म्हणजे वाटसरूंना जेवू घालण्याची जागा, अशी आपली समजूत असते. १८०१ साली सरफोजी महाराजांनी कंपनीच्या रेसिडेंटाला या छत्रांविषयी जे पत्र लिहिले, त्यात आणखी पुष्कळ आहे. छत्रात वेदांचे अध्यापक असत, शाळामास्तर असे, वैद्य असत. परक्या मुलखातून आलेले अनाथ मूल शाळामास्तरांच्या हवाली केले जाई. त्याला दिवसातून तीन वेळा जेवण, दर चौथ्या दिवशी अंगाला तेल, आजारात औषध आणि अंगावर वस्त्र मिळे. त्यानंतर त्याची ज्या शास्त्राकडे ओढ दिसेल, ते शास्त्र त्याला शिकवीत.

यातील क्रम पाहावा. आधी अन्न, अभ्यंग, औषध, वस्त्र, मग विद्या, आणि विद्याही मुलाच्या आवडीची. आजच्या वसतिगृहांच्या नियमावल्या मी पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांत दार बंद होण्याची वेळ असते, दंडाची रक्कम असते. हा क्रम काही मला तेथे आढळलेला नाही.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे, की पहिला महिनाभर अभ्यासाइतकेच लक्ष जेवणाकडे द्यावे. खानावळीत वाढणाऱ्याशी ओळख करून घ्यावी. त्याला ‘अण्णा’ म्हणावे, आणि स्वयंपाकघरातील बाईंना ‘अक्का’. हे दोन शब्द तमिळमध्येही आहेत व आपल्या घरीही आहेत, त्यामुळे जीभ अडखळत नाही. ताकाला येथे ‘मोर’ म्हणतात. मोर-भात आणि लोणचे यांवर हिवाळ्याच्या सुटीपर्यंत निभावता येते, हे मी अनुभवाने सांगतो.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती दुहेरी आहे. महाराष्ट्रातून आलेल्या मुलाला इंग्रजी पाठ्यपुस्तक कळते, पण तमिळ वळणाचे इंग्रजी बोलणारे प्राध्यापक पहिले काही दिवस कळत नाहीत. आणि विषयाचा अवघड वळसा आला की तेही बिचारे नकळत तमिळवर येतात. याच्या उलट आपल्या तंजावूरकर मुलांची स्थिती. तमिळ शेजारी त्यांना ‘रायर’ म्हणतात; घरात शेकडो वर्षांपूर्वीची मराठी, रस्त्यावर तमिळ, पुस्तकात इंग्रजी. तीन भाषा येतात म्हणून लोक कौतुक करतात, पण शास्त्रीय विषयावर सलग दोन पाने लिहावयास सांगितले की यांतील एकही भाषा चटकन हाताशी येत नाही, हे त्यांचे दुःख कोणाला दिसत नाही.

सरफोजींचेच पाहा. १७७७ चा जन्म. १७८७ साली तुळजाजी महाराजांनी दत्तक घेतले आणि त्याच वर्षी महाराज वारले. अमरसिंहाच्या अमलात हा मुलगा जवळजवळ कैदेत वाढला आणि त्याच्या शिक्षणाची हेळसांड झाली. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने त्याचा कैवार घेतला आणि १७९३ साली त्याला मद्रासेस हलविण्यात आले. सोळा वर्षांचे वय, घर सुटलेले, परकी भाषा, भवितव्य अनिश्चित. पुढे १७९८ साली राज्य मिळाल्यावर हाच विद्यार्थी पोथ्या आणि छापील ग्रंथ जमवीत राहिला, त्याने नवविद्याकलानिधिशाला काढली, आणि गुरूच्या थडग्यावरील इंग्रजी ओळीही स्वतः रचल्या. शिवगंगा उद्यानातील चर्चमध्ये फ्लॅक्समनने घडविलेले संगमरवरी शिल्प आहे. त्यात मृत्युशय्येवरील श्वार्ट्झचा निरोप घेणारे सरफोजी दिसतात. मुलांनी ते एकदा जाऊन पाहावे. राजाने आपल्या मास्तरांसाठी उभारलेली स्मारके फारशी आढळत नाहीत.

परंतु मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. स्वतः इंग्रजी शिकलेल्या या राजाने तंजावुरात देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि १८०६ साली इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापविल्या. परकी विद्या आपल्या भाषेत उतरवून पाहिल्याखेरीज ती आपली होत नाही, हे त्याने ओळखले असावे. म्हणून एखादी संकल्पना रात्री खोलीत स्वतःला मराठीतून समजावून सांगावी लागली, तर त्यात उणेपणा मानू नये. वहीच्या पानावर दोन रकाने आखावेत. डावीकडे वर्गात आलेला इंग्रजी पारिभाषिक शब्द, उजवीकडे आपल्या मराठीत दोन ओळींचा अर्थ. तासाला जाण्यापूर्वी त्या धड्याची चार पाने वाचून जावे, म्हणजे उच्चार परका असला तरी शब्द ओळखीचा वाटतो. हा उपद्व्याप पहिले सहा आठवडे करावा लागतो. पुढे त्याची गरज उरत नाही.

तमिळ लिपीही शिकावी. बारा स्वर आणि अठरा व्यंजने. क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. ज्याने आपली बाराखडी घोकली आहे त्याला महिन्याभरात बसची पाटी वाचता येते. ज्याला बसची पाटी वाचता येते त्याला शहर परके वाटत नाही, आणि सोबतीच्या मुलांशी त्याची मैत्रीही लवकर जमते. तमिळ मित्राजवळ बसून सोडविलेली चार गणिते शिकवणीवर्गातील महिन्याच्या बरोबरीची असतात. सर टी. माधवराव, ज्यांना आपण बडोद्याचे दिवाण म्हणून ओळखतो, ते मूळचे या कुंभकोणमचे. मद्रासच्या हायस्कुलात पॉवेलसाहेबांच्या हाताखाली ते शिकले. बाजारातून भिंगे आणून, बांबूच्या नळीत बसवून ते दुर्बिणी करीत आणि खगोलशास्त्राचे धडे साहेबांच्या व्हरांड्यात घेत, असे सांगतात. वर्गात जे समजले नाही ते विचारावयास गुरूच्या व्हरांड्यापर्यंत जाणे, ही गोष्ट आज मुलांना दुर्बिणीपेक्षाही अवघड वाटते. जावे. शिक्षकाला पहिल्या महिन्यात भेटलेला विद्यार्थी सहसा आठवणीत राहतो.

आता तिसऱ्या अडचणीकडे येतो. खरे म्हणजे एवढे सगळे मी तिच्यासाठीच बोलत आलो. ती म्हणजे नापास होणे. महाराष्ट्रात ‘के. टी.’ किंवा ‘बॅकलॉग’ म्हणतात, तमिळनाडूत ‘अरियर’ म्हणतात. शब्द सावकाराच्या वहीतला आहे आणि मुलाला वाटतेही तसेच.

येथून सुमारे चाळीस किलोमीटरवर, कावेरीच्या काठी कुंभकोणमचे सरकारी महाविद्यालय आहे. १९०४ साली श्रीनिवास रामानुजन तेथे शिष्यवृत्ती घेऊन दाखल झाले. शाळेत गणितासाठीचे के. रंगनाथराव पारितोषिक त्यांना मिळालेले होते. महाविद्यालयात मात्र गणितावाचून दुसऱ्या विषयांकडे त्यांचे लक्ष लागेना. इंग्रजीत ते कमी पडले, शिष्यवृत्ती गेली, आणि १९०५ साली घरी काही न सांगता ते विशाखापट्टणमकडे निघून गेले. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयात प्रवेश घेतला, तेथेही एफ. ए. च्या परीक्षेत दोनदा अपयश आले. शरीरशास्त्र त्यांना कधीच वश झाले नाही.

ही कथा मुले मला नेहमी ऐकवितात. ‘सर, रामानुजनसुद्धा नापास झाले होते.’ खरे आहे. परंतु त्यांच्याजवळ प्रमेयांनी भरलेल्या वह्या होत्या, ही अर्धी गोष्ट सांगावयाची राहून जाते. आणि नियम पाळला म्हणून त्या महाविद्यालयाला दोष देण्यातही मला स्वारस्य नाही. मला या कथेत पाहण्यासारखे वाटते ते १९१० साल. त्या वर्षी रामानुजन वह्या घेऊन लोकांच्या दारी जाऊ लागले. तिरुकोइलूरला रामस्वामी अय्यर यांना भेटले. त्यांनी शेषू अय्यर यांच्याकडे पाठविले, जे कुंभकोणमला त्यांचे शिक्षक होते. आणि शेषू अय्यरांमुळे नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्रराव यांची भेट झाली. रामचंद्ररावांनी काही काळ पदरचे महिना पंचवीस रुपये दिले. मग १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांची कारकुनी, १९१३ च्या जानेवारीत हार्डींना पत्र, आणि त्याच वर्षी पदवी नसलेल्या या माणसाला मद्रास विद्यापीठाची महिना पंच्याहत्तर रुपयांची संशोधन-शिष्यवृत्ती. १९०५ साली जो मुलगा कोणाला न सांगता निघून गेला, त्याचे आयुष्य पालटले ते सांगू लागल्यावर. मधली पाच वर्षे मात्र गेली.

रामानुजन नसलेल्या मुलांचे काय? माझ्या अध्यापनाच्या काळात मराठवाड्याकडचा एक मुलगा होता. आई रोज संध्याकाळी फोनवर विचारी, ‘जेवलास का?’ वडील विचारीत, ‘किती पडले?’ दोन्ही प्रश्नांची ठरलेली उत्तरे तो देत असे. तीन सत्रांत सात विषय राहिले, तरी घरी पत्ता नाही. परीक्षेच्या दिवसांत तो सकाळी खोलीतून निघे आणि तिरुच्ची जंक्शनच्या फलाटावर बसून संध्याकाळी परत येई. हे प्रथम कळले ते आम्हां शिक्षकांना नव्हे. खानावळीत वाढणाऱ्या अण्णाला कळले, कारण हा मुलगा चार दिवस पानावर आला नव्हता. अण्णाने वॉर्डनच्या कानावर घातले. पुढे आम्ही त्याच्या वडिलांना बोलावून घेतले; दर सत्रात दोनच राहिलेले विषय घ्यावयाचे असे ठरले, आणि चार वर्षांची पदवी त्याने पाच वर्षांत घेतली. आज तो नोकरीला आहे. त्या वाढप्याने लक्ष दिले नसते तर काय झाले असते, याचा विचार मी फार लांबवर नेत नाही.

पालकांना माझी विनंती आहे. ‘किती पडले?’ हा प्रश्न सत्राच्या शेवटी अवश्य विचारावा. एरवी असे विचारावे: कोणता विषय जड जातो? त्या विषयाच्या शिक्षकांना भेटलास का? रविवारी कोणाकडे गेला होतास? या प्रश्नांना ठरलेली उत्तरे देता येत नाहीत. मुलगा सुटीत घरी येण्याचे टाळू लागला, किंवा फोनवर फारच आनंदी बोलू लागला, तर एक तिकीट काढून इकडे यावे. राहिलेला विषय पुन्हा देता येतो, शाखा बदलता येते, वर्षभर थांबताही येते. हे मुलाला प्रवेशाच्या दिवशीच सांगून ठेवावे, म्हणजे संकटात ते त्याला प्रथम सुचेल. मन फारच खचले तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. हा क्रमांक मुलाच्या व आपल्या अशा दोन्ही फोनमध्ये घालून घ्यावा.

राहता राहिले मंडळ. पन्नास वर्षांत आपण गणपती बसविले, नाटके केली, कोजागिरी केली. ते सर्व योग्यच झाले. आता तंजावूर, कुंभकोणम आणि तिरुच्ची येथील आपल्या कुटुंबांनी प्रत्येकी दोन विद्यार्थी वाटून घ्यावेत, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. पंधरवड्यातून एका रविवारी त्यांना जेवावयास बोलवावयाचे. पोळी-भाजी, पिठले, जे घरात असेल ते. निकालाची चौकशी त्या दिवशी करावयाची नाही; पोरगा चार घास खाऊन आपणच बोलू लागतो. इच्छुक यजमानांसाठी एक वही आणि नव्या विद्यार्थ्यांसाठी दुसरी, अशा दोन वह्या दाराशी टेबलावर ठेवलेल्या आहेत. चहा तयार होण्यास अजून दहा मिनिटे आहेत, तेवढ्यात नावे लिहून होतील.